दाव्याच्या दोन गाठी

(सरांच्या स्मृतिदिनानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुढच्या सतरंजीवर शाळेची मुलं मांडी घालून बसली आहेत. तासाभरानं ती उठतील आणि आपण कसे उठलो हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही. मला आज ज्या मुलांबद्दल बोलायचं आहे, त्यांचं उठणं तसं नसतं. ती आधी पालथी होतात. मग दोन्ही हात टेकून, पाय फाकवून कंबर वर उचलतात. एक हात गुडघ्यावर येतो, मग दुसरा. हात हळूहळू मांड्यांवर सरकतात आणि स्वतःच्याच पायांवर चढावं तशी ती उभी राहतात. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली या उठण्याचं बारकाईनं वर्णन केलं. आजही आम्ही डॉक्टर त्याला ‘गॉवर्सची खूण’ म्हणतो.

पुस्तकाबाहेर ही खूण मी पहिल्यांदा पाहिली ती याच गावात, १९८९ साली. दवाखाना सुरू करून तीनच महिने झाले होते. सहा वर्षांचा मुलगा, सोबत आई आणि आजोबा. तक्रार एवढीच, की पोरगं पळताना पडतं आणि जिना चढताना कठड्याला लोंबकळतं. आजोबा तालमीतले. त्यांनी कौतुकानं नातवाच्या पोटऱ्या दाखवल्या. म्हणाले, “बघा डॉक्टर, पैलवानाच्या आहेत. पाय कमजोर असते तर अशा भरल्या असत्या का?” मी पोटरी दाबून पाहिली. रबरासारखी घट्ट लागली. ती ताकद नव्हती. झिजून गेलेल्या स्नायूची जागा चरबीनं आणि तंतूंनी घेतली होती. मी मुलाला फरशीवर बसवलं आणि ‘ऊठ बघू’ म्हणालो. तो उठला, मघाशी सांगितलं तसा. आजोबा हसत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्याआधी वर्षभर एका ठिकाणी त्याच्यावर लिव्हरचे उपचार चालले होते. रक्तात एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेलं दिसलं म्हणून. ही द्रव्यं तुटणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात, हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं. मुंबईला तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा आजार. तिसऱ्या-पाचव्या वर्षी चालण्यात फरक दिसतो, बाराव्या वर्षाच्या आसपास चाक असलेली खुर्ची येते, मग श्वासाचे स्नायू आणि हृदय.

हा मुलगा याच शाळेत होता. तो आठवीत गेला तेव्हा त्याला जिना चढणं बंद झालं होतं, आणि आठवी ‘ब’चा वर्ग वरच्या मजल्यावर होता. सर तेव्हा मुख्याध्यापक. त्यांनी शिक्षकांची सभा घेतली नाही, परिपत्रक काढलं नाही. एका रविवारी शिपायांना बोलावलं, स्वतःचं टेबल आणि कपाटं वर चढवली आणि आठवी ‘ब’चे बाक खाली आपल्या खोलीत आणले. त्यानंतरची तीन वर्षं मुख्याध्यापकांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस जिना चढून जात होता.

त्याच वर्षी, १९९६ साली, सर संध्याकाळी दवाखान्यात आले. बाहेरच्या बाकावर पेशंट संपेपर्यंत थांबले. मग आत येऊन त्यांनी विचारलं, “डॉक्टर, या आजारावर जगात कुठं कोण काम करतंय का? मला मुलाला काहीतरी सांगायचंय, आणि खोटं सांगायचं नाही.” मी त्या दिवशी मोघम उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला नीट माहीत नव्हतं. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. फार उशिरा देतोय.

सर, काम चाललं होतं. अनेक ठिकाणी चाललं होतं. पण एकाच व्यक्तीचा धागा धरायचा तर मी इंग्लंडमधल्या के डेव्हिस यांचा धरीन. के हे त्यांचं नाव आहे, आद्याक्षर नव्हे. जन्म १९५१ चा, शिक्षण ऑक्सफर्डला रसायनशास्त्राचं. पुढं त्या लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये बॉब विल्यमसन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि तिथं त्यांनी माणसाच्या एक्स गुणसूत्राला हात घातला.

एक्सच का? कारण हा आजार मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो, एवढं घराण्यांच्या वंशावळी पाहून शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. बाईकडं दोन एक्स असतात. एक बिघडला तरी दुसरा बहुतेक वेळा निभावून नेतो. मुलग्याकडं एकच. तो बिघडलेला आला तर पर्याय नाही. इथं एक गोष्ट थांबून सांगायला हवी. साधारण एकतृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानंच घडलेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. आणि ज्या आईकडं असतो, तिनं तो मागून घेतलेला नसतो. या मुलाच्या आईला घरात काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे. ज्या बाईनं तेरा वर्षं मुलाला उचलून न्हाणीत नेलं, तिलाच ‘तुझ्या माहेरचं दुखणं’ म्हणून दोष दिला गेला. हे अज्ञान नुसतं वाईट नाही, क्रूर आहे.

तेव्हा जनुक कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातून काय तयार होतं हेही माहीत नव्हतं. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक्स गुणसूत्रं इतरांपासून वेगळी गाळून त्यांच्या डीएनएच्या तुकड्यांचा संग्रह तयार केला. त्यातला एकेक तुकडा घ्यायचा आणि आजारी मुलं असलेल्या घराण्यांमध्ये तो कुणाकडं कुठल्या रूपात जातो ते पाहायचं. वेल्समधले पीटर हार्पर अशा घराण्यांची नोंद ठेवून होते. १९८२ साली डेव्हिस, हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक तुकडा असा सापडला, जो आजाराच्या सोबतीनं चालत होता. म्हणजे जनुक त्याच्या शेजारपाजारी कुठंतरी असणार. जिल्हा कळला होता. गाव, गल्ली आणि घर बाकी होतं. पण एवढ्यावरही एक मोठी गोष्ट शक्य झाली. आजारी मुलाच्या बहिणीला ‘तुझ्यात हा दोष असण्याची शक्यता किती’ हे डीएनए पाहून सांगण्याची वाट उघडली. त्याआधी त्या मुलींना फक्त भीती होती.

पुढचं काम अमेरिकेत, बोस्टनला झालं. लुई कंकल यांच्याकडं एका मुलाचा डीएनए होता. या मुलाला ड्युशेन होताच, शिवाय आणखी तीन वेगळे आजार होते. एकाच मुलाला चार दुर्मीळ आजार कसे? उत्तर एवढंच, की त्याच्या एक्स गुणसूत्रातला एक लांबलचक तुकडा गळून गेला होता आणि चारही आजारांची जनुकं त्या तुकड्यात होती. कंकल यांनी निरोगी डीएनएमधून या मुलाचा डीएनए वजा केला. शाळेत कालचा हजेरीपट आजच्या मुलांशी पडताळून गैरहजर कोण ते काढतात, तसं. गैरहजर तुकड्यांमधूनच १९८६ साली जनुकाचा भाग हाती आला आणि १९८७ च्या अखेरीस एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन आणि कंकल यांनी त्यातून बनणारं प्रथिन दाखवलं. त्याला नाव दिलं डिस्ट्रॉफिन. निरोगी स्नायूत ते होतं, ड्युशेनच्या मुलांच्या स्नायूत नव्हतं.

हे जनुक अवाढव्य आहे. सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्यातली कामाची वाक्यं ७९ तुकड्यांत विखुरलेली, त्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. पेशीला हे जनुक एकदा वाचून काढायला सोळा तास लागतात.

आणि डिस्ट्रॉफिन करतं काय? गोठ्यातलं दावं डोळ्यांपुढं आणा. एक गाठ खुंट्याला, दुसरी जनावराच्या गळ्यात, मधे दोर. डिस्ट्रॉफिनचं एक टोक स्नायूपेशीच्या आतल्या तंतूंना धरतं, दुसरं टोक पेशीच्या आवरणाला. मधे लांब दांडा, एकासारख्या एक २४ वेटोळ्यांचा. स्नायू आखडला की ताण या दाव्यावर येतो आणि सांभाळला जातो. दावंच नसेल तर प्रत्येक आकसण्याबरोबर आवरण फाटतं. पेशी सांधते, पुन्हा फाटतं, पुन्हा सांधते, आणि काही वर्षांत सांधण्याची ताकदच संपते. लंडनचे एडवर्ड मेरियन यांनी १८५२ सालच्या लेखात स्नायूचं आवरण तुटलेलं दिसतं असं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलं होतं. त्याचं कारण सापडायला १३५ वर्षं लागली. आजाराला नाव मात्र पॅरिसच्या ड्युशेन यांचं मिळालं, ज्यांनी त्यावर नंतर लिहिलं. मेरियन यांचा उल्लेख मी दर वेळी मुद्दाम करतो. डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या माणसाचं नाव राहिलं पाहिजे.

आता एक कोडं. याच जनुकात बिघाड असलेला दुसरा आजार आहे, बेकर नावाचा. तो पुष्कळ सौम्य. गंमत म्हणजे बेकरच्या काही रुग्णांत जनुकाचा गळालेला भाग ड्युशेनच्या मुलांपेक्षा मोठा निघाला. जास्त गेलं आणि आजार कमी, असं कसं? पुढं बसलेल्या मुलांनो, हे तुमच्यासाठी फळ्यावर लिहितो.

गणेश सकाळी उठून पळत शाळेत निघाला.

यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. पेशीही जनुक तीन-तीन अक्षरांनीच वाचते. आता ‘उठून’ हा अख्खा शब्द पुसतो. गणेश सकाळी पळत शाळेत निघाला. वाक्य थोडं आखूड झालं, पण अर्थ शाबूत. हा झाला बेकर. आता अख्खा शब्द पुसायचा नाही, फक्त ‘ठू’ पुसायचा, आणि तीन-तीनच्या जोडणीनं पुढं वाचायचं. गणेश सकाळी उनप ळतशा ळेतनि घाला. एकच अक्षर गेलं आणि तिथून पुढचं सगळं वाक्य मेलं. हा ड्युशेन. दाव्याची पुढची गाठच तयार होत नाही. हा नियम १९८८ साली कंकल यांच्याच प्रयोगशाळेतून मांडला गेला.

आणि उपाय याच फळ्यावर आहे. ‘ठू’ गेलेलाच आहे, तर उरलेली ‘उ’ आणि ‘न’ सुद्धा पुसून टाका. वाक्य पुन्हा ताळ्यावर येतं. बिघाडाच्या शेजारचा एक्झॉन पेशीला ओलांडायला लावायचा, म्हणजे ड्युशेनचा बेकर करायचा, अशी औषधं यावरूनच निघाली. त्यातल्या पहिल्याला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली. पण ती ठरावीक बिघाडांनाच लागू पडतात आणि त्यांनी तयार होणारं डिस्ट्रॉफिन फार थोडं असतं.

आता मी ज्या माणसासाठी हे व्याख्यान ठरवलं त्याच्याकडं येतो. त्याचं नाव मला माहीत नाही, शोधनिबंधात ते नसतंच. १९८४ नंतर डेव्हिस ऑक्सफर्डला होत्या. न्यूकॅसलच्या डॉक्टरांबरोबर त्या बेकरच्या कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यात हा एक गृहस्थ निघाला. वय ६१. स्वतःच्या पायांनी चालत होता. त्याचं जनुक तपासलं तर १७ पासून ४८ पर्यंतचे एक्झॉन सलग गायब. डिस्ट्रॉफिनचा ४६ टक्के भाग त्याच्या अंगात नव्हताच. जवळजवळ अर्धं दावं कापलेलं, आणि माणूस साठी उलटून चालतोय.

जानेवारी १९९० मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. तो निबंध मी कितीतरी वर्षांनी वाचला, आणि वाचून खुर्चीत मागं टेकून बसलो. कारण त्याचा अर्थ असा, की दोर आखूड असला तरी चालतो, दोन्ही गाठी पक्क्या असल्या की झालं. आज ड्युशेनवर ज्याला जनुकोपचार म्हणतात, त्याचा सगळा डोलारा या एका माणसाच्या पायांवर उभा आहे. कुठल्याही प्रयोगशाळेनं त्या दाव्याचा मधला भाग आधी कापून पाहिला नव्हता. निसर्गानं कापला होता, आणि तो माणूस चालत चालत तपासणीला आला होता. डेव्हिस यांचं मोठेपण मला इथं दिसतं. फारसा आजारी नसलेला रुग्ण डॉक्टर सोडून देतात. ‘तुम्हाला विशेष काही नाही, या आता.’ त्यांनी त्याला सोडलं नाही. याला विशेष काही का नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला.

हा शोध इतका महत्त्वाचा का ठरला ते सांगतो. जनुकोपचारात निरोगी जनुक स्नायूत पोचवायचं तर वाहन लागतं. त्यासाठी एक निरुपद्रवी विषाणू वापरतात, एएव्ही नावाचा. त्याचा स्वतःचा मजकूर काढून टाकायचा आणि त्यात आपलं जनुक भरायचं. तो स्नायूंत छान पोचतो. अडचण अशी की त्यात सुमारे पावणेपाच हजार अक्षरंच मावतात, आणि डिस्ट्रॉफिनचा अनावश्यक भाग वगळून उरलेला मजकूरसुद्धा अकरा हजारांचा. पण ते ६१ वर्षांचे गृहस्थ सांगत होते, की अख्ख्याची गरज नाही. मग शास्त्रज्ञ कापत गेले. २००० च्या सुमारास अमेरिकेत शियाओ शियाओ यांनी आणि पाठोपाठ जेफ्री चेंबरलेन यांनी दोन्ही गाठी शाबूत ठेवून मधली वेटोळी चार-पाचांवर आणली. हेच मायक्रोडिस्ट्रॉफिन. ते विषाणूत मावलं, आणि ड्युशेनसारखा आजार असलेल्या उंदरांचे स्नायू त्यानं सुधारले.

डेव्हिस स्वतः मात्र आणखी एका वाटेनं गेल्या. १९८९ साली त्यांच्या गटाला सहाव्या गुणसूत्रावर डिस्ट्रॉफिनचं एक भावंड सापडलं. त्याला पुढं युट्रोफिन म्हणू लागले. गर्भात असताना स्नायूंना हेच सांभाळतं. जन्माच्या आसपास डिस्ट्रॉफिन ताबा घेतं आणि युट्रोफिन मागं सरतं. पण त्याचं जनुक ड्युशेनच्या मुलांमध्ये शाबूत असतं, नुसतं निजलेलं. ते जागं करता आलं तर? बिघाड कुठलाही असो, सगळ्या मुलांना चालेल. शिवाय शरीराला ते ओळखीचं, त्यामुळं परकं समजून त्याच्यावर हल्ला होण्याची भीती कमी. १९९६ साली, म्हणजे सर माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसले होते त्याच वर्षी, डेव्हिस यांच्या गटानं आजारी उंदरांत युट्रोफिन वाढवून त्यांचे स्नायू सावरल्याचं प्रसिद्ध केलं.

ते जागं करणारी गोळी शोधण्यात पुढची वीस वर्षं गेली. एक औषध मुलांपर्यंत पोचलंही. २०१८ च्या उन्हाळ्यात चाचणीचे निकाल आले. उपयोग झाला नव्हता. चाचणी थांबवली. आयुष्याचा निम्मा काळ एका कल्पनेला दिल्यावर असा निकाल हातात घेणं काय असतं, याचा मी अनेकदा विचार केला आहे. डेव्हिस यांनी कल्पना सोडली नाही, दुसऱ्या रेणूंचा शोध चालू ठेवला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. जनुकोपचार आला की नाही?

आला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मायक्रोडिस्ट्रॉफिनच्या पहिल्या उपचाराला चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. शिरेतून एकदाच द्यायचा. तेव्हाची किंमत ३२ लाख डॉलर, आपल्या पंचवीस कोटी रुपयांहून अधिक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. १२५ मुलं, वर्षभर निरीक्षण. हालचालींच्या ज्या मोजपट्टीवर यश ठरवलं होतं, तिच्यावर उपचार घेतलेली आणि न घेतलेली मुलं यांत पुरेसा फरक दिसला नाही. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ वगैरे काही मापांत मुलं बरी दिसली. कंपनीनं ती मापं पुढं केली, आणि २०२४ मध्ये मान्यतेची वयोमर्यादा वाढवली गेली. दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच उपचारात त्याआधी मुलं दगावली होती, तो प्रयत्न बंद पडला. २०२५ मध्ये पहिला उपचार घेतलेली, चालणं थांबलेली दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली, आणि चालू न शकणाऱ्या मुलांना तो देणं थांबवावं लागलं.

असं का होतं ते समजून घ्या. स्नायू म्हणजे शरीराचा सगळ्यात मोठा पसारा. तो सगळा गाठायचा तर विषाणूचे कण वजनाच्या किलोमागे १३३ लाख कोटी इतके द्यावे लागतात. त्यातले पुष्कळसे आधी यकृतात उतरतात. मूल जितकं मोठं, तितका डोस मोठा. आणि एकदा दिला की शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा देता येत नाही.

मग तुम्ही म्हणाल, त्या सोळा कोटींच्या इंजेक्शननं बाळं वाचली, ते काय होतं? २०२१ साली मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणी काढून ती रक्कम उभी केली, सरकारनं आयात शुल्क आणि कर माफ केला, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. तो आजार वेगळा. एसएमए. त्यात बिघाड मणक्यातल्या चेतापेशींत असतो, स्नायू त्यामुळं लुळे पडतात. त्याच्या जनुकाचा कामाचा मजकूर छोटा, हजार अक्षरांच्या आतला, विषाणूत पूर्ण मावतो, आणि तान्ह्या बाळाचं वजन कमी म्हणून डोसही कमी लागतो. त्यामुळं तिथं यश लवकर आलं. दोन्ही आजारांना एकच समजून ड्युशेनच्या मुलांचे आईबाप वर्गणीच्या वाटेला लागतात तेव्हा मला त्यांना अडवून हा फरक सांगावा लागतो.

आणखी एका वाटेवरून त्यांना अडवावं लागतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कुटुंबानं दोन एकर उसाची जमीन विकून एका शहरात मुलाला ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं दिली. चार हेलपाटे. पावत्यांची फाइल घेऊन ते माझ्याकडं आले तेव्हा मूल होतं तसंच होतं, जमीन मात्र गेली होती. ड्युशेनवर स्टेम सेलचा कुठलाही सिद्ध झालेला उपचार नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं चाचणीबाहेर पैसे घेऊन तो देता येत नाही. हे मी जिथं जाईन तिथं सांगतो.

आपल्याकडं काय आहे? २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ड्युशेनचा समावेश आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रांमधून रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. पंचवीस कोटींपुढं ही रक्कम काय पुरणार, हे मी सांगायला नको. म्हणून मला वेल्लोरची बातमी मोलाची वाटते. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलोक श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांवर जनुकोपचार करून दाखवला आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्ताचा आजार आणि स्नायूंचा आजार यांत अंतर मोठं आहे. पण असा उपचार आपल्या देशातल्या हातांनी देता येतो, हे सिद्ध झालं.

आणि जे जवळ आहे ते लहान समजू नका. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ताकद टिकते हे १९८९ साली चाचणीत दिसलं. त्यांनी मुलाचं चालणं दोन-तीन वर्षांनी वाढतं. हृदयाची वेळेवर तपासणी, रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र, रोज टाचांचे स्नायू ताणणारी आई, एवढ्यावर आज ही मुलं तिशी गाठतात. माझ्या त्या पेशंटच्या वेळी एकोणीस हे वय पुष्कळ होतं. तो २००२ साली गेला. बारावी पास झालेला होता, आणि रोज सायंकाळी सरांशी बुद्धिबळ खेळताना हरत नव्हता.

त्याची धाकटी बहीण २०१२ मध्ये माझ्याकडं आली. लग्न ठरलं होतं. तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, “काका, माझ्यात पण आहे का हो ते?” भावाचा डीएनए कुणी जपून ठेवला नव्हता. आईचं आणि तिचं रक्त तपासायला पाठवलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. आईत एक तुकडा गळालेला होता. मुलीत नव्हता. तो कागद तिनं तीनदा वाचला. मग म्हणाली, “आता आईला कसं सांगू?” कारण तिला सुटका मिळाली होती, आणि आईला त्याच कागदावर दोष. मी त्या दोघींना समोर बसवून आईला सांगितलं, की तुमच्यात जो बदल आहे तो तुम्हालाही कुणाकडून तरी न विचारता आलेला आहे. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला, फेकला नाही.

१९८२ साली डेव्हिस यांनी एक्स गुणसूत्रावर जी पहिली खूण लावली, तिथून ही तपासणी निघाली आहे. हे उत्तर मला सरांना द्यायचं होतं. काम चालू होतं, सर. मुलाला वाचवण्याइतकं पुढं ते तेव्हा आलं नव्हतं, आजही पुरतं आलेलं नाही. पण त्याच्या बहिणीपर्यंत ते पोचलं.

आता शेवटची विनंती, आणि ती इथल्या अंगणवाडी सेविकांना, बालवाडीच्या बाईंना आणि माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना आहे. वर्गातला एखादा तीन-चार वर्षांचा मुलगा सारखा पडत असेल, चवड्यांवर चालत असेल, पोटऱ्या वयाच्या मानानं जाड दिसत असतील, तर त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. तो हात मांड्यांवर टेकत उठला, तर त्याला ताकदीचं टॉनिक देऊ नका, आळशी म्हणू नका. एसजीपीटी वाढलेलं दिसलं तर लिव्हरची औषधं सुरू करण्याआधी सीपीके, म्हणजे तुटणाऱ्या स्नायूंतून रक्तात उतरणारं द्रव्य, तपासा. ही रक्ताची तपासणी आपल्या तालुक्यात होते, काही शे रुपयांत होते, आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो.